वाणसामानाच्या वहीतून

1

पेण ते पनवेल साधारण 35 किलोमीटर. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी पेण स्टेशनावर उभे राहिले की बऱ्याच बायकांच्या हातात घडी घातलेल्या रिकाम्या पिशव्या दिसतात. दुपारी रोह्याकडे जाणाऱ्या गाडीतून त्याच पिशव्या भरून उतरतात. हमरापूरला उतरतात, पेणला उतरतात, कासू, नागोठणे, निडी, रोहा. एका पिशवीला दोघी, एकेक बंद धरून.

2

गेल्या महिन्याचे पनवेलच्या मोठ्या दुकानाचे बिल घरी आणून त्यावर दोन रंगांनी खुणा केल्या. यादीतल्या जिनसा निळ्या, यादीबाहेरच्या लाल. निळ्या 19 निघाल्या, लाल 12. निळ्यांवर पैसे वाचले होते, हे खरे. लाल नसत्या तर ते हातात राहिले असते.

3

गिऱ्हाइकाने स्वतः फिरून फळीवरचा माल उचलायचा, ही पद्धत 1916 साली अमेरिकेत मेंफिस गावी सुरू झाली. दुकानाचे नाव पिगली विगली, मालक क्लॅरेन्स साँडर्स. त्याआधी तिकडेही यादी दुकानदाराच्या हातात द्यायची आणि तो माल काढून द्यायचा, अशीच चाल होती.

पुढे 1937 साली ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराने चाकांची ढकलगाडी आणली. हातातली टोपली जड झाली की माणूस खरेदी थांबवतो, हे त्याने पाहिले होते. सुरुवातीला कोणी गाडीला हात लावीना, म्हणून त्याने पगार देऊन माणसे ठेवली आणि त्यांना दुकानात गाड्या ढकलत फिरायला लावले.

4

पेणच्या बाजारपेठेत आमचे शेठ अजून गल्ल्यापलीकडे बसतात. यादी मोठ्याने वाचतात, मुलगा माल काढतो. मध्ये गल्ला असतो म्हणून माझा हात फळीपर्यंत पोचत नाही. या गल्ल्याने माझे किती पैसे वाचवले याची नोंद कुठल्याच बिलात नसते.

मागच्या आठवड्यात यादी वाचता वाचता शेठ थांबले. "वहिनी, रवा दोन किलो? गेल्या वेळचा संपला का? पावसात जाळी धरेल. अर्धा न्या, लागला तर मुलाला पाठवून देतो."

अर्धा किलो आणला.

5

18 जुलै 2022 पासून पाकीटबंद, लेबल लावलेल्या तांदूळ, गहू, डाळी, पिठावर 5 टक्के जीएसटी लागतो. 25 किलोपर्यंतच्या पाकिटाला. पोत्यातून काढून, तोलून, कागदी पिशवीत बांधून दिलेल्या त्याच तांदळाला लागत नाही. 25 किलोच्या वरच्या पोत्यालाही नाही.

महिन्याला 20 किलो तांदूळ लागणाऱ्या घराने सुटा घेतला, तर 20 किलोंमागे एक किलोची किंमत वाचली. याला कसलीही योजना, कूपन किंवा कार्ड लागत नाही. फक्त "सुटे द्या" म्हणायचे.

6

भाताचा हिशेब एकदा कागदावर केला. 2025-26 च्या हंगामाचा साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये. सरकारी मोजमापात 100 किलो भाताचे 67 किलो तांदूळ धरतात. म्हणजे भरडाई आणि वाहतूक सोडून किलोला 35 रुपये 36 पैसे. घरच्या गिरणीत उतारा याहून कमी पडतो, कणी निघते, तेही धरायला हवे.

तरीही खाडीकाठच्या खारेपाटातल्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून भात घेऊन भरडून आणणे ज्यांना जमते त्यांनी जरूर करावे. कणी आणि कोंडा आपला राहतो. कणीची पेज होते, कोंडा गुरे असलेल्या घरी जातो. तांदूळ कोणत्या शेतातला आहे हे माहीत असते. आणि शेतकऱ्याला रोख पैसे मिळतात, जे त्याला त्या दिवशी लागत असतात.

रायगडात अजून बरेच लोक वाणाचे नाव विचारून तांदूळ घेतात. कर्जतच्या संशोधन केंद्रात तयार झालेल्या वाणांची नावेच कर्जत-3, कर्जत-7 अशी आहेत. पाकिटावर मात्र परी, राणी, मोती असले काहीतरी लिहिलेले असते. त्यावरून भात कसा होईल ते कळत नाही.

7

21 सप्टेंबर 2008 रोजी पेण तालुक्यातल्या 22 गावांत सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, जमीन द्यायची की नाही, यावर मतदान झाले. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली भाताची जमीन. त्या गावांकडून आलेला तांदूळ पेणच्या बाजारात आजही सुटा मिळतो.

8

तेलाची गंमत नाही, तेलाचा घोटाळा: लीटर आणि किलो. एक लीटर खाद्यतेलाचे वजन साधारण 910 ग्रॅम भरते. म्हणजे एक किलो तेल सुमारे 1.1 लीटर. एका दुकानात लीटरची पिशवी, दुसऱ्यात किलोची, तिसऱ्यात 750 किंवा 850 असा काहीतरी आकडा. आकाराने सगळ्या पिशव्या सारख्याच दिसतात.

उपाय एकच, ग्रॅमचा आकडा वाचायचा आणि भागाकार करायचा. फोनमध्ये गणकयंत्र असते. दुकानात उभे राहून हिशेब करायला लाजू नये. मी करते, मागचे लोक थांबतात.

9

पाच रुपयांचा बिस्किटपुडा अनेक वर्षे पाच रुपयांचाच आहे. बिस्किटे कमी झाली.

10

पाकिटावर कमाल किरकोळ किमतीबरोबर ग्रॅमचा किंवा किलोचा भावही छापावा लागतो. अक्षर बारीक असते. चष्मा घेऊन जावे.

"मोठा पुडा स्वस्त" हे नेहमी खरे नसते. हळदीच्या दोन पाकिटांत मला लहान पाकीट ग्रॅममागे स्वस्त पडले. दुकान कुठले हे महत्त्वाचे नाही, हे सगळीकडे होते.

11

केंद्र सरकारच्या 2023-24 च्या कुटुंब खर्च पाहणीत ग्रामीण भागात दरमहा दरडोई सरासरी खर्च 4,122 रुपये आला. त्यातला सुमारे 47 टक्के खाण्यावर. आणि खाण्याच्या खर्चातला सगळ्यात मोठा वाटा धान्याचा नाही, दुधाचाही नाही. पेये, फराळ आणि तयार खाण्याचा आहे.

12

आईकडे रोह्याला गेले की तिची जुनी खतावणी हातात येते. लाल कापडी पुठ्ठ्याची लांब वही, वरच्या बाजूला उघडणारी. वाणसामान तेव्हा उधारीवर यायचे. धाटावच्या कारखान्यांत पगार झाला की आठवड्याभरात रोह्याच्या दुकानांत खाती मिटायची. वहीत एका पानावर तीन महिने एकही वजावट नाही, नुसती जमा होत गेलेली बाकी. त्या वर्षी बाबांच्या कारखान्यात काम बंद होते. चौथ्या महिन्यात एक ओळ आहे: "पुरते मिळाले."

दुकानदाराने त्या तीन महिन्यांचे व्याज लावले नव्हते. आई म्हणते, भावही वाढवून लावला नव्हता, ती दर वेळी ताडून पाहायची. त्या दुकानात साबण कदाचित दोन रुपये महाग असेल. त्या तीन महिन्यांत आम्ही दोन वेळा जेवलो.

मोठ्या दुकानात पैसे आधी मोजावे लागतात. त्यांची तीच रीत आहे, त्यात त्यांचा दोष नाही. पण भावाची तुलना करताना हा रकानाही आखायला हवा.

13

उधारीची दुसरी बाजू. उधारीवर घेताना भाव विचारायला जीभ रेटत नाही. "असू दे" म्हणून माल घेतला जातो. रोहा काय, पेण काय, ज्यांना शक्य आहे त्यांनी रोखीने घ्यावे आणि रोखीचा भाव मागावा. महिन्याची पूर्ण यादी एकदम दिली, पैसे लगेच दिले, तर भुसार मालाचे दुकानदार छापील किमतीपेक्षा कमी लावतात. न मागता सहसा लावत नाहीत.

14

रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख. जन्म महाडजवळच्या नाते गावचा, 1896 चा. लहानपण रोह्यात गेले. 1943 ते 1949 गव्हर्नर, मग 1950 ते 1956 देशाचे अर्थमंत्री.

15

सप्टेंबर 2010 मध्ये त्याच रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन बँकेवर निर्बंध घातले. ठेवीदारांत भाजीवाल्या होत्या, मूर्तिकार होते, पेन्शनर होते. साबणावर दोन रुपये, डाळीवर चार रुपये असे वाचवून ठेवलेले पैसे त्या बँकेत अडकले. त्यानंतर पेणमध्ये मोर्चे निघाले, वर्षे गेली. काटकसरीवर लिहिताना मला हे सोडून पुढे जाता येत नाही.

16

पनवेलला काय खरोखर स्वस्त मिळते, ते सरळ लिहून ठेवते: कपड्यांचा साबण आणि पावडर, अंगाचा साबण, टूथपेस्ट, चहा पावडर, ब्रँडचे तूप, भांडी घासायचे द्रव. कमाल किमतीपेक्षा सरळ कमी.

यामागे काही जादू नाही. डी-मार्टचे उदाहरण घ्या. पहिले दुकान 2002 साली पवईत निघाले. नफा थोडा, खप मोठा, पुरवठादाराला पैसे लवकर देऊन त्याबदल्यात सूट, आणि बहुतेक जागा स्वतःच्या म्हणून भाड्याचा बोजा नाही. पेणचा शेठ या चारांपैकी एखादी गोष्ट करू शकेल, चारही नाही.

22 सप्टेंबर 2025 पासून अंगाचा साबण, टूथपेस्टवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला. ही सूट दोन्हीकडे सारखीच मिळायला हवी. बिल पाहावे.

17

पनवेलला काय स्वस्त मिळत नाही: पोहे, कडवे वाल, सुकी मासळी, पांढरा कांदा, पालेभाजी, नारळ, आमसूल.

18

पेणला पोह्यांच्या गिरण्या आहेत. पातळ पोहे, जाडे पोहे, भाजके पोहे, पोह्यांचे मिरगुंड, पापड. पेणच्या बाईने पनवेलच्या दुकानातून पोह्यांचे पाकीट आणले आणि पाकिटामागे पत्ता पेणचा निघाला, हे मी माझ्या जावेच्या स्वयंपाकघरात पाहिले. पोहे पनवेलला जाऊन परत आले होते. भाडे जावेने भरले.

19

तालुक्यात खाडीकाठी मिठागरे. ओट्यावरच्या मिठाच्या पिशवीवर पत्ता गुजरातचा.

20

अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. भात निघाल्यावर त्याच जमिनीत लावतात. फेब्रुवारी-मार्चपासून वडखळ, पोयनाडच्या रस्त्याला माळा टांगलेल्या दिसतात. माळ किलोवर नाही, नगावर विकतात. म्हणून एकदा माळ काट्यावर ठेवून किलोचा भाव काढावा, मग पुढच्या माळा नजरेने कळतात. आणि पात नीट वाळलेली पाहून घ्यावी. वाळलेली माळ वाऱ्याला टांगली तर पावसाळा काढते. ओली माळ स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, आषाढापर्यंत निम्मी सडते.

नावाखाली दुसरीकडचा कांदाही विकतात. खरा कांदा मध्यम, चपटासर, चवीला गोड. विकणाऱ्या बाईला गाव विचारावे. शेतातली बाई गावाचे नाव लगेच सांगते.

21

आई अजून वाल पायलीने मोजते. चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. वजनमापांचा दशमान कायदा 1956 चा. तिचे लग्न त्यानंतरचे आहे.

22

फेरीचा खर्च. रेल्वेचे किमान तिकीट 10 रुपये, ते जाऊन येऊन 20. स्टेशनापासून दुकानापर्यंत आणि दुकानापासून स्टेशनापर्यंत रिक्षा. भरल्या पिशव्या घेऊन पेण स्टेशनावरून घरी पुन्हा रिक्षा. मुले बरोबर असली तर बाहेर खाणे. गाडीने गेलात तर पेट्रोल आणि महामार्गावरचा वेळ. हे सगळे बिलाखाली लिहून बेरीज केली. तीन महिन्यांत एकदा, साबण-पावडर-चहाची मोठी यादी घेऊन गेले तर परवडते. दर महिन्याला डाळ-तांदळासाठी गेले तर परवडत नाही. हा माझ्या घराचा हिशेब, चार माणसांचा. सहा-सात माणसांच्या घरात वेगळा येईल. दोन शेजारणींनी एकाच फेरीत दोन घरांची यादी आणली तर आणखी वेगळा.

23

मुंबई ग्राहक पंचायत 1975 साली सुरू झाली. बिंदुमाधव जोशींनी रुजवलेली कल्पना. शेजारपाजारची काही कुटुंबे मिळून संघ करायचा, महिन्याची यादी आधी द्यायची, पैसे आधी भरायचे. पंचायत घाऊक माल घेते, गाडी गल्लीत येते, सभासद स्वतः उतरवून वाटून घेतात. दुकान नाही, फळ्या नाहीत, जाहिरात नाही. त्याआधी 1948 साली मुंबईत नायगावच्या कामगारांनी अपना बाजार काढला, तोही याच गरजेतून.

पेणमध्ये, रोह्यात, एकेका सोसायटीत दहा-बारा घरे असतात. तूरडाळीचे एक पोते सगळ्यांना मिळून पुरते. 25 किलोच्या वरच्या पोत्याला कर नाही, हे वर लिहिलेच आहे. आमच्या इमारतीत आम्ही सात घरांनी मे महिन्यात हे केले. वजनकाटा शेठने दिला. वाटप जिन्याखाली झाले. दोघींचे पाव किलोवरून वाजले, मग मिटले. पुढच्या मे महिन्यात पुन्हा करणार आहोत.

24

रेशनच्या दुकानाला लोक दुकान म्हणत नाहीत, "रेशन" म्हणतात. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो धान्य, अंत्योदय कुटुंबाला 35 किलो. जानेवारी 2023 पासून ते मोफत. सुपरमार्केट आणि वाणी यांच्या तुलनेत हे तिसरे दुकान कोणी धरत नाही. कितीतरी घरांत पहिले तेच आहे.

25

मे. आगोट जवळ आली.

पावसाळ्याआधीच्या बेगमीला आमच्याकडे आगोटीची खरेदी म्हणतात. सुके बोंबील, जवळा, सोडे, वाकट्या, खारवलेला मासा. मिरच्या वाळवून कांडपावर मसाला. चिंच, आमसूल, मीठ, कांद्याच्या माळा, वाल, पापड. 1 जूनपासून मासेमारी बंद होते, त्यामुळे सुक्या मासळीचा भाव मेच्या शेवटी चढतो. एप्रिलमध्ये घेतली तर स्वस्त पडते, पण कडकडीत वाळलेली हवी. हातात घेऊन वाकवून पाहावी. वाकली तर अजून ओल आहे, मोडली तर घ्यावी.

सासूबाईंची आगोट कधी चुकली नाही. पावसात बाजार बंद पडला, रस्त्यावर पाणी आले, गाडी नाही आली, तरी घरात जवळ्याची चटणी आणि भाकरी असायची. घाऊक खरेदी ही मोठ्या दुकानांनी आणलेली गोष्ट आहे असे माझ्या मुलीला वाटत होते. तिला या वर्षी मसाल्याला बरोबर नेले.

26

मासळीवाली, भाजीवाली तोलत नाही, वाटा लावते. वाट्यात वजन नसते, पण डोळ्यांना सगळे दिसते. खाली काय आहे ते उलटून पाहता येते. शेवटच्या दोन वाट्यांना मिळून एकाचा भाव, हे दुपारी बारानंतर.

27

डाळीच्या पाकिटावर छापलेला भाव आपण मुकाट्याने देतो. मेथीच्या जुडीला मात्र घासाघीस. मी स्वतः वर्षानुवर्षे केली. मग एकदा भाजीवालीच्या मागे बसून ऐकले.

गिऱ्हाईक: "वीसला दोन दे."

ती: "नाय परवडत गं बाय. वाडीवरून चालत आलंय, मग मिनिडोरला पैसे दिलं."

गिऱ्हाइकाच्या पिशवीत मॉलचा चिवडा होता. त्या पुड्याच्या भावाबद्दल तिने कोणाशी हुज्जत घातली नव्हती.

मिनिडोर रिक्षावाला भाजीवालीला भाड्यात सूट देत नाही. जुडी विकली न विकली तरी परतीचे भाडे तिला द्यावेच लागते. संध्याकाळी उरलेली भाजी तिला परत करता येत नाही, शीतपेटीत ठेवता येत नाही. तिच्याकडून वाचवलेल्या पाच रुपयांना मी आता बचतीत धरत नाही. वहीतून तो रकाना काढून टाकला.

28

पहिला पाऊस पडून चार दिवस झाले की डोंगरातून कातकरी आणि ठाकूर बायका शेवळं घेऊन पेणच्या आणि रोह्याच्या बाजारात येतात. मग टाकळा, कुरडू, भारंगी, पुढे कंटोली. पळसाच्या किंवा सागाच्या पानावर वाटे. ही भाजी कोणी पेरत नाही, तिला पाकीट नाही, कमाल किंमत नाही, मोठ्या दुकानाच्या संगणकात तिचे नाव नाही. वर्षातून मोजके आठवडे मिळते आणि सकाळी लवकर संपते.

या जूनमध्ये नऊच्या आत बाजारात जा. विकणारी सांगेल तो भाव द्या. शेवळांबरोबर तिच्याकडची काकडाची फळंही घ्या, ती घातली नाहीत तर भाजी घशाला खाजते.